बंदुकीचं सोंग घेतलेली बंदूक

शिकारीची एखादी जुनी, राजेशाही बंदूक डोळ्यांसमोर आणा. अक्रोडाचा दस्ता, त्यात ठोकून बसवलेली चांदीच्या तारेची वेलबुट्टी, धातूच्या पट्ट्यांवर हरणामागे धावणारे कोरीव कुत्रे. उजव्या अंगाला घोडा. घोड्याच्या जबड्यात गार, तिच्यासमोर पोलादी पात, पातीखाली रंजकाची वाटी. चाप ओढला की घोडा पडणार, गार पोलादावर घासणार, ठिणगी रंजकावर उडणार आणि ती आग कान्यातून आत शिरून दारूचा बार पेटणार. अठराव्या शतकातला कुठलाही युरोपीय शिकारी ही बंदूक दिसताच न विचारता खांद्याला लावील. फरक कळायला वाटीत डोकवावं लागतं. तिथे कानाच नाही. आग आत जायला वाट नाही, कारण आत पेटायला दारूच नाही. दस्त्याच्या पोटात पंप आहे, नळीभोवती हवा कोंडलेली आहे, आणि एवढा नटवलेला तो घोडा पडतो तेव्हा एक झडप क्षणभर उघडते, बस्स.

चांदीने मढवलेली अशी एक हवेची बंदूक लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. साधारण १७३५ सालची, सही कोल्बे नावाच्या कारागिराची. युरोपातल्या जुन्या शस्त्रसंग्रहांमध्ये तिच्या बहिणी बऱ्याच सापडतात. ज्या बंदुकीला ठिणगीची गरजच नाही, तिच्या अंगावर एवढा महागडा गारेचा साज कशाला, हा प्रश्न त्या पाहताना पडतोच. त्याचं उत्तर एका वाक्यात मिळत नाही. सोंग एकच राहिलं, पण ते घेण्याची कारणं दर पिढीला बदलत गेली.

कोंडलेल्या हवेत जोर असतो हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक होतं. अलेक्झांड्रियाच्या क्टेसिबियसने इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातच हवा दाबून चालणाऱ्या क्षेपणयंत्राची कल्पना मांडली होती. पण हातात धरून नेम धरावा अशा हवेच्या बंदुकांपैकी आज शिल्लक असलेली सर्वांत जुनी बहुधा स्टॉकहोमच्या राजशस्त्रागारातली, सुमारे १५८० सालची. तिच्या दस्त्यात लोहाराकडे असतो तसा एक छोटा भाता आहे. चाप ओढला की ताणलेली स्प्रिंग भाता चेपते आणि हवेचा फुत्कार बाणासारख्या छोट्या काडीला ढकलतो. असल्या बंदुका दिवाणखान्यात बसून फळ्यावर नेम मारायच्या. लढाईशी त्यांचा संबंध नव्हता.

त्यानंतरच्या माणसापाशी मात्र जरा थांबायला हवं. फ्रान्सच्या नॉर्मंडीतल्या लिझ्यू गावचा मारँ ल बुर्ज्वा हा चित्रकार होता, वाद्यं बनवायचा, यंत्रं जुळवायचा. राजा चौथा हेन्री याची त्याच्यावर मर्जी होती आणि पुढे त्याला थेट लूव्रमध्ये राहायला जागा मिळाली. त्याने हवेची बंदूक केल्याची नोंद १६०५ नंतर छापल्या गेलेल्या दाव्हिद रिव्होच्या तोफखान्यावरच्या पुस्तकात येते. आणि ज्या चकमकीच्या कळीने पुढची दोनशे वर्षं जगभरच्या सैन्यांचं काम भागवलं, तिचं श्रेयही जाणकार याच मारँला देतात. म्हणजे पुढे हवेच्या बंदुकीने जो मुखवटा चढवला, तो आणि ती बंदूक, दोघं एकाच माणसाच्या हाताखालून गेलेले! चौथा हेन्री १६१० मध्ये मारला गेला तो मात्र साध्या सुऱ्याने.

हवेच्या बंदुकीला खरं बळ मिळालं ते सतराव्या शतकाच्या मध्यावर, आणि ते शस्त्रकारांकडून आलं नाही. जर्मनीतल्या माग्डेबुर्गचा महापौर ओटो फॉन गेरिके याने हवा उपसणारा पंप बनवला. तांब्याचे दोन अर्धगोल जोडून आतली हवा काढली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपूनही ते सुटत नाहीत हे त्याने लोकांना दाखवलं. ती बातमी इंग्लंडात रॉबर्ट बॉइलपर्यंत पोचली, रॉबर्ट हूकने त्याच्यासाठी सुधारलेला पंप बनवला आणि १६६२ मध्ये हवेचा दाब आणि तिने व्यापलेली जागा यांचं नातं बॉइलने छापून टाकलं. गेरिकेने स्वतः एक बंदूकही केली होती. तिची नळी आधी निर्वात करायची आणि मग बाहेरच्या हवेला गोळी ढकलू द्यायची. शस्त्र म्हणून ती गैरसोयीचीच, पण मुद्दा सिद्ध झाला. घट्ट बसणारा दट्ट्या, चामड्याची गळती न होणारी चकती, एकाच दिशेने उघडणारी झडप, असं सगळं पंपासाठी करता येऊ लागलं तेव्हा बंदुकीलाही करता आलं. त्याच पंपांचे कारागीर आणि शास्त्राची जाहीर व्याख्यानं देणारे लोक पुढे हवेची बंदूक प्रयोग म्हणून श्रोत्यांना दाखवत. ठिणगी नाही, धूर नाही, वास नाही, आणि समोरच्या फळीला भोक.

आता शिकारी राजांकडे वळू. जर्मन संस्थानांत शिकार हा दरबाराचा अर्धा कारभार होता. हेसे-डार्मश्टाटचा आठवा लुडविग हा तर शिकारवेडा म्हणूनच इतिहासात उरला आणि त्याच्या शहरातल्या बोस्लर घराण्याच्या हवेच्या बंदुका आजही संग्रहालयांत दिसतात. या बंदुकांतली करामत समजून घेण्यासारखी आहे. आत गोळी जाण्याची बारीक नळी, तिच्याभोवती पितळेची किंवा लोखंडाची दुसरी जाड नळी, आणि दोन्हींच्या मधल्या पोकळीत हवा ठासलेली. पंप दस्त्यात. सायकलच्या पंपासारखाच तो, पण दांडा एका बाजूला पायाने दाबून धरायचा आणि बंदूकच वरखाली करायची. बाहेरून पाहणाऱ्याला जरा जाडसर नळीची बंदूक दिसते, एवढंच. दुसरी पद्धत स्वस्त आणि उघडी होती. तांब्याचा पोकळ गोळा पंपाने भरायचा आणि नळीखाली फिरवून बसवायचा. तो पोटाखाली लोंबणारा गोळा लपता लपत नसे, म्हणून श्रीमंतांनी त्याकडे फारसं पाहिलं नाही.

माझ्या मते सोंगाचं पहिलं कारण इथेच आहे आणि ते अगदी कारागिरीचं आहे. बंदूक घडवणाऱ्याकडे घोडा, चाप, स्प्रिंग असा चकमकीच्या कळीचा सगळा सरंजाम तयार होता. झडप उघडायला जो झटका लागतो तो तीच कळ देऊ शकत होती. मग नवीन रूप कशाला शोधायचं? गिऱ्हाइकाचा हात, डोळा आणि गालही त्याच आकाराला सरावलेले. आणि मिरवण्याचा भाग होताच. दरबारात बंदूक दाखवायची, पाहुण्याने ती साधी समजून हातात घ्यायची, चाप ओढायचा, आणि ‘धडाम’च्या ऐवजी फुस्स ऐकून त्याचा चेहरा पाहायचा. आपल्याकडे फुसका बार म्हणजे फजिती; इथे त्या फुसक्या बारासाठीच पैसे मोजलेले असत.

पण त्याच फुस्सने दुसरं कारणही जन्माला घातलं. दारूच्या बंदुकीचा आवाज कोसभर जातो, नळीतून निघणारा धुराचा लोट गोळी कुठून आली ते सांगून टाकतो. हवेची बंदूक अगदीच मुकी नसते, पण रानात ती सहज लपते. चोरून शिकार करणाऱ्याला आणि मारेकऱ्याला याहून काय हवं? काही राज्यकर्त्यांनी या बंदुकांवर बंदी घातली. ज्या वस्तूवर राज्यकर्त्यांची वक्रदृष्टी आहे ती साध्या बंदुकीसारखी दिसली तर बरंच, असं वाटणारे लोकही मग आलेच. सोंग इथे लपण्याच्या कामी आलं.

तिसरं कारण लष्करी. ऑस्ट्रियाच्या सैन्यात ही बंदूक आली ती बार्तोलोमेओ जिरांदोनी या टायरोलकडच्या कारागिरामुळे. सुमारे १७८० पासून पस्तीसेक वर्षं या बंदुका ऑस्ट्रियाच्या शस्त्रसाठ्यात होत्या. एकूण बनल्या असतील साधारण दीड हजार.

ही बंदूक जवळून पाहिली की त्या काळासाठी ती किती पुढची होती ते कळतं. वजन साडेचार किलोच्या आसपास, लांबी जवळपास सव्वा मीटर, आणि दस्त्याच्या जागी चामड्याने मढवलेली लोखंडी, शंकूसारखी निमुळती टाकी. नळीच्या बाजूला एक बारीक आडनळी, तिच्यात वीस-बावीस शिशाच्या गोळ्या एकामागे एक. बंदुकीचं तोंड वर करायचं म्हणजे गोळ्या आपल्या वजनाने मागे घरंगळतात. अंगठ्याने एक लोखंडी ठोकळा आडवा दाबायचा, म्हणजे एक गोळी त्यात शिरते. अंगठा सोडला की स्प्रिंग त्या ठोकळ्याला गोळीसकट नळीसमोर आणते. घोडा चढवा, चाप ओढा. पुन्हा तोंड वर, पुन्हा अंगठा. शत्रूचा शिपाई उभ्याने दारू ओतून, गोळी घालून, गजाने ठासून मिनिटाला तीनेक बार काढत असताना हा गडी आडवा पडल्यापडल्या, पावसात, धूर न काढता वीसच्या वर गोळ्या झाडू शकत होता. आणि त्या बंदुकीलाही घोडा होताच, नेहमीच्या जागी. फक्त तिथे गारेसाठी जबडा नव्हता. शिपायाच्या अंगठ्याला ओळखीची वाटेल एवढीच मुखवट्याची खूण उरली होती.

मग जगभरच्या सैन्यांनी ती का उचलली नाही? याचं उत्तर त्या टाकीत आहे. एक टाकी पुरती भरायला हातपंपाचे सुमारे पंधराशे दट्टे लागत. पंधराशे! त्यातही शेवटचे काहीशे दट्टे छातीचा भाता करणारे. प्रत्येक शिपायाकडे भरलेल्या जादा टाक्या असत आणि पाठीमागे गाड्यांवर मोठे पंप. टाकीतली हवा उतरेल तशी गोळीची पोच कमी होत जाई, पहिल्या गोळीचा नेम तिसाव्या गोळीला लागू नसे. चामड्याच्या चकत्या ओल्या ठेवाव्या लागत, नाहीतर हवा गळे. टाकी ठोकून-डाखून बनवलेल्या पत्र्याची. सांध्याला चीर गेली की संपलं. दारूची बंदूक बिघडली तर पलटणीतला कुठलाही लोहार निस्तरे, इथे मात्र घड्याळजी लागे. १७८८ ते १७९१ च्या तुर्कांविरुद्धच्या युद्धात ती वापरली गेली, पण युद्ध जिंकून देणारं शस्त्र काही ती झाली नाही. नेपोलियनच्या काळापर्यंत ती मागे पडत गेली. फ्रेंचांनी हवेची बंदूक सापडलेल्या शत्रूला जागच्या जागी फासावर दिलं अशा गोष्टी मात्र पुढे बराच काळ चघळल्या गेल्या. गोष्टी खऱ्या असोत नसोत, भीती खरी होती.

ती भीती लंडनमध्ये १७९४ साली सरकारपर्यंत आणि पुढे चक्क न्यायालयात पोचली. फ्रान्समध्ये राजाचं डोकं उडवून दीड-पावणेदोन वर्षं झाली होती, इंग्लंडच्या सरकारला जिथेतिथे बंडखोर दिसत होते. सप्टेंबरात थॉमस अप्टन नावाच्या घड्याळजीने खबर दिली की, सुधारणावाद्यांच्या एका संघटनेतल्या काही लोकांनी राजा तिसऱ्या जॉर्जला मारायचा बेत केला आहे. कसं? तर छडीसारख्या दिसणाऱ्या हवेच्या बंदुकीतून विषारी बाण मारून. आरोपींपैकी काहींनी पितळेची नळी कुठे बनवून मिळेल याची चौकशी केल्याचं उघड झालं आणि धरपकड झाली. लोकांनी या प्रकरणाला ‘पॉप-गन कट’ असं कुत्सित नाव दिलं. पॉप-गन म्हणजे मुलांची फुटफुट करणारी खेळण्यातली बंदूक. मुख्य आरोपी, डॉक्टर रॉबर्ट क्रॉसफील्ड, याच्यावर मे १७९६ मध्ये खटला चालला, तोवर खबर देणारा घड्याळजी साक्षीला उरलाच नव्हता. क्रॉसफील्ड निर्दोष सुटला. मात्र मधल्या काळात, २९ ऑक्टोबर १७९५ रोजी, पार्लमेंटकडे निघालेल्या राजाच्या बग्गीच्या काचेला कशाने तरी भोक पाडलं. आवाज कुणीच ऐकला नव्हता, म्हणून संशय आपोआप हवेच्या बंदुकीवर गेला. दगड असेल, गोटी असेल, पण लोकांच्या मनातली बंदूक आता छडीच्या आकाराची झाली होती.

छडीचं हे सोंग पुढे एकोणिसाव्या शतकात चांगलंच रुजलं. बर्मिंगहॅम आणि लंडनच्या कारागिरांनी सभ्य गृहस्थाच्या हातात शोभतील अशा काळ्या मुलाम्याच्या हवेच्या छड्या शेकड्याने बनवल्या. पक्षी मारायला त्या वापरल्या जात. आता बंदूक बंदुकीसारखीही दिसायची गरज नव्हती.

पण सोंगाचा सगळ्यांत चलाख वापर समुद्रापलीकडे अमेरिकेत झाला, आणि तिथे छडी नव्हती. ३० ऑगस्ट १८०३ रोजी कॅप्टन मेरिवेदर लुईस पिट्सबर्गहून ओहायो नदीने नावेतून निघाला. राष्ट्राध्यक्ष जेफरसनने त्याला मिसिसिपीच्या पलीकडचा अज्ञात मुलूख पार करून पॅसिफिकपर्यंत जायला धाडलं होतं. पहिल्याच मुक्कामावर, नदीतल्या एका बेटावर, लोकांच्या आग्रहाखातर त्याने आपली हवेची बंदूक काढली. पंचावन्न यार्डांवर सात गोळ्या झाडल्या, नेम बरा लागला. मग ती एका गृहस्थाच्या हातात दिली. त्या गृहस्थाला तिची खुबी माहीत नव्हती. बंदूक सुटली. चाळीस यार्डांवर उभ्या एका बाईच्या टोपीतून गोळी गेली आणि कानशिलाला चाटून गेली. बाई कोसळली, रक्ताची धार लागली. सगळ्यांना वाटलं गेली. थोड्या वेळात ती शुद्धीवर आली आणि जखम वरवरचीच निघाली. लुईसने आपल्या रोजनिशीची सुरुवात या प्रसंगाने केली आहे. नव्या देशाच्या मोठ्या मोहिमेचं हे पहिलं पान!

काही दिवसांनी नदीवरच भेटलेल्या थॉमस रॉडनी नावाच्या प्रवाशाने ही बंदूक पाहिली आणि मिनिटाला बावीस गोळ्या झाडते, गोळ्या एका आडनळीत ठेवतात, असं लिहून ठेवलं. वर्णन जिरांदोनीच्या बंदुकीला तंतोतंत लागू पडतं. लुईसने आणि त्याचा सहकारी विल्यम क्लार्क याने ती मोहिमेभर वापरली, पण शिकारीपेक्षा जास्त वापरली ती खेळ दाखवायला. मूळ रहिवाशांच्या टोळीशी बोलणी बसली की आधी भेटवस्तू, मग भाषण, आणि शेवटी ही बंदूक. ऑगस्ट १८०५ मध्ये शोशोनी लोकांसमोर ती झाडली तेव्हा त्यांना हे दैवी सामर्थ्याचंच काही तरी वाटलं, असं लुईस लिहितो. त्याआधी जूनमध्ये तिची स्प्रिंग तुटली, तेव्हा मोहिमेतला लोहार जॉन शील्ड्स याने ती नव्याने बसवली. जानेवारी १८०६ मध्ये पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या ओंडक्यांच्या किल्ल्यात बसून लुईस नोंदवतो की, दारू न घालता इतक्या वेळा कशी झाडते हे इथल्या लोकांना उमगतच नाही.

मोहिमेत माणसं तीसेक आणि अशी बंदूक एकच. पण पाहणाऱ्यांना ते कसं कळणार? शिपायांच्या खांद्यावरच्या बाकीच्या बंदुकाही दुरून तिच्यासारख्याच दिसत होत्या. या सगळ्याच अशा असतील तर? झाकली मूठ सव्वा लाखाची. हवेच्या बंदुकीने बंदुकीसारखं दिसण्याचा इतका मोठा फायदा त्याआधी कुणीच उचलला नसावा.

बाकीचा इतिहास झटपट आटोपतो. १८०७ मध्ये स्कॉटलंडचा धर्मोपदेशक अलेक्झांडर फोरसाइथ याने आघाताने पेटणाऱ्या दारूचं पेटंट घेतलं. त्यातून टोपीची बंदूक आली, मग मागून भरायची काडतुसाची बंदूक. पाऊस, रंजक, हुकलेली ठिणगी, हे चकमकीचे सगळे दोष गेले आणि हवेच्या बंदुकीचं लष्करी कामही त्याबरोबर संपलं. ती उरली मेळ्यातल्या नेमबाजीच्या दुकानात, गृहस्थाच्या छडीत आणि रहस्यकथेत. १९०३ सालच्या कथेत शेरलॉक होम्सवर नेम धरतो तो कर्नल मोरान, बंगळूरच्या काल्पनिक पलटणीतून आलेला शिकारी, आणि त्याच्या हातातली हवेची बंदूक फॉन हेर्डर नावाच्या आंधळ्या जर्मन कारागिराने बनवलेली. कथेपुरता का होईना, जर्मन कारागीर अजूनही हवाच.

खरी क्रांती मात्र अगदीच क्षुल्लक दिसणाऱ्या जागी झाली. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या प्लिमथ गावी विहिरीचं पाणी काढणाऱ्या लोखंडी पवनचक्क्या बनवणारी एक कंपनी होती. १८८० च्या दशकाच्या अखेरीला तिने पवनचक्की विकत घेणाऱ्या शेतकऱ्यांना धातूची एक छोटी हवेची बंदूक फुकट द्यायला सुरुवात केली. थोड्याच वर्षांत लोकांना पवनचक्कीपेक्षा बंदूकच हवी झाली. १८९५ मध्ये कंपनीने नावच बदललं, बंदुकीच्या नावावरून डेझी. पुढे याच कंपनीने सिनेमातल्या गुराख्यांच्या, दस्त्याखाली खटका असणाऱ्या कार्बाइनसारखी दिसणारी पोरांची बंदूक काढली, रेड रायडर नावाची. तिच्या दस्त्यावर चांदीच्या तारेऐवजी लाकडात जाळून उमटवलेला घोडेस्वार होता, आणि खटका ओढला की आत एक स्प्रिंग तेवढी ताणली जाई.

आपल्या जत्रेत फुगे फोडायला ठेवलेल्या छऱ्याच्या बंदुकीची नळी अजूनही मधोमध मोडते, ठासणीच्या बंदुकीचं काहीच तिच्यात नाही. तरी फुग्यांसमोर उभा राहून एक डोळा मिटणाऱ्या पोराला दुकानदार सांगतो, ‘घोडा हळू दाब.’ त्या बंदुकीला घोडा नाहीच.